हाफकिन : जंतूंच्या कुळांशी झुंजलेला माणूस



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात निंदणीच्या दिवसांत, आणि पुढे कापूस वेचणीच्या दिवसांतही, सर्पदंशाचे रुग्ण दवाखान्यात येतात. अशा रुग्णाला शिरेतून जे औषध देतात, त्याच्या बाटलीवर वर्षानुवर्षे एक नाव छापलेले आपण पाहत आलो आहोत. ते नाव म्हणजे हाफकिन. लेकरांना पोलिओचे थेंब पाजले, त्या कुपीवरही पुष्कळदा हेच नाव असे. मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु हाफकिन हे एका माणसाचे नाव आहे, तो माणूस परदेशातून येऊन आपल्या लोकांसाठी झिजला आणि त्याच कामापायी त्याच्यावर मोठा आळ आला, ही हकीकत फार थोड्यांना माहीत असते. तीच येथे सांगावयाची आहे.

मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर. शाळेत विज्ञानाचे तास माझ्याकडे आले ते निकडीपोटी. आठवीच्या वर्गाला जिवाणूंचा पाठ शिकवताना मी शेतातून तुरीचे एक झाड मुळासकट उपटून नेले होते. मुळावरच्या गाठी पाहून एका मुलाने विचारले की, या झाडाला प्लेग झाला आहे काय? त्याच्या आजीने तिच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या प्लेगच्या गाठींच्या गोष्टी त्याला सांगितल्या होत्या. सारा वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी येऊन पुस्तके चाळली तेव्हा ओशाळलो. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तुरीच्या मुळावर गाठ आणून पिकाला नत्र पुरविणारा जंतू आणि माणसाच्या जांघेत गाठ आणून त्याचा जीव घेणारा प्लेगचा जंतू, हे दोघे जिवाणूंच्या एकाच मोठ्या कुळातले आहेत. आणि गंमत अशी की, त्या कुळाशी हाफकिन यांचा जन्मभर संबंध आला, पण ते एक कूळ आहे हे त्यांना कधीच कळले नाही. म्हणून त्यांचे चरित्र सांगताना त्या कुळाचीही ओळख करून द्यावी लागते.

रंगाची कसोटी

प्रथम एक लहानशी पायरी चढू. जिवाणू इतके बारीक आणि रंगहीन की सूक्ष्मदर्शकाखालीही ते नीट दिसत नाहीत. १८८४ साली हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश वैद्याने बर्लिनमध्ये काम करीत असताना त्यांना रंगविण्याची एक रीत शोधून काढली. काचेवर जंतू पसरून त्यांना जांभळा रंग द्यावयाचा, वर आयोडीन घालावयाचे, आणि मग मद्यार्काने ते धुवावयाचे. काही जंतू जांभळा रंग सोडत नाहीत. काहींचा रंग कच्च्या रंगाच्या लुगड्याप्रमाणे धुण्यात निघून जातो. मागाहून लाल रंग दिला की ते गुलाबी दिसतात. पहिल्यांना ग्रॅम-पॉझिटिव्ह म्हणतात, दुसऱ्यांना ग्रॅम-निगेटिव्ह.

असे का होते, याचा उलगडा पुढे झाला. पहिल्या प्रकारच्या जंतूंची भिंत जाड असते, ती रंग धरून ठेवते. दुसऱ्यांची भिंत पातळ असते, पण तिच्या बाहेर आणखी एक स्निग्ध पडदा असतो. या पडद्यामुळे पुष्कळशी औषधे आत शिरत नाहीत. म्हणूनच ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचे रोग बरे करणे डॉक्टरांना आजही जड जाते. रुग्णाचा पू किंवा पाठीच्या मण्यातून काढलेले पाणी तपासावयास गेले की प्रयोगशाळेत आजही आधी हीच रंगाची कसोटी लावतात. पटकीचा जंतू, प्लेगचा जंतू, विषमज्वराचा जंतू हे सारे गुलाबी, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह. हाफकिन यांची लढाई याच गुलाबी जंतूंशी होती.

ओडेसाचा विद्यार्थी

वाल्डेमार मोर्देकाय हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा येथे एका यहुदी कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. १८७९ साली ते तेथील विद्यापीठात दाखल झाले आणि एली मेचनिकोव्ह या थोर प्राणिशास्त्रज्ञाचे शिष्य बनले. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हे दाखविणारे आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे ते हेच मेचनिकोव्ह.

ते दिवस झारच्या राजवटीचे होते. हाफकिन यांचा क्रांतिकारकांशी संबंध आला, पोलिसांनी त्यांना अटकही केली. १८८१ साली ओडेसात यहुदी वस्तीवर हल्ले झाले, तेव्हा शेजाऱ्यांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते आणि त्यात जखमीही झाले. शिक्षण संपल्यावर विद्यापीठात त्यांना मानाची जागा मिळू शकली असती, पण त्यासाठी स्वतःचा धर्म सोडावा लागला असता. त्यांनी ती वाट धरली नाही. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काढून १८८८ साली त्यांनी देश सोडला. जिनिव्हाला थोडा काळ शिकविले आणि १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. मेचनिकोव्ह तेथे आधीच गेले होते. पण रिकामी जागा होती ती ग्रंथालयातली. हाफकिन यांनी ती घेतली, आणि उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत बसू लागले.

त्यांचे पहिले नावाजलेले काम माणसाच्या रोगावर नव्हतेच. साचलेल्या पाण्यात पॅरामेशियम नावाचा एकपेशीय जीव असतो. आपली मुले त्याची चपलेसारखी आकृती वहीत काढतात. या जीवाच्या पेशीकेंद्रात शिरून राहणारे काही जंतू हाफकिन यांनी पाहिले आणि १८९० साली त्यांना होलोस्पोरा हे नाव देऊन त्यांच्या तीन जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. वाचकहो, हे नाव ध्यानात ठेवा. शेवटी त्याची गाठ पडणार आहे.

पटकीची लस

त्या काळी पटकीची साथ म्हणजे साक्षात मृत्यू. आपल्याकडे गावोगावी मरीआईला साकडे घालीत, तर कोठे मशिदीत दुआ मागत. सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाब-वांत्यांनी संध्याकाळी मातीआड होई. १८५४ साली इटलीच्या पाचिनी यांनी हा जंतू पाहिला होता, आणि १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात त्याची खातरजमा केली होती. स्वल्पविरामासारखा वाकडा असा हा जंतू.

हाफकिन यांनी तो गिनिपिगच्या पोटातून एकापाठोपाठ एक नेऊन अधिक प्रखर केला, आणि दुसरीकडे उष्णता व हवा देऊन त्याचाच सौम्य प्रकारही तयार केला. आधी सौम्य लस टोचावयाची आणि काही दिवसांनी प्रखर, अशी त्यांची रीत. जनावरांवर ती ठरली, पण माणसाचे काय? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली टोचणी स्वतःच्या अंगात घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली, आणि सहा दिवसांनी त्यांनी दुसरीही घेतली. त्यानंतरच त्यांनी मित्रांना टोचले.

लसीची खरी परीक्षा जेथे पटकी घर करून होती तेथेच होणार होती. १८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्यास उतरले. ते वैद्यकीचे पदवीधर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यात रशियातून आलेले आणि यहुदी. सरकारी वैद्यक खात्यातील अनेकांना ते खपले नाहीत, कोणी त्यांना रशियाचा हेरही समजे. लोकांना तर सुई हातात घेतलेल्या कोणाही गोऱ्याचा संशय येई. तरी उत्तर हिंदुस्थानात गावे, छावण्या, तुरुंग आणि चहाचे मळे धुंडाळीत, स्वखुशीने पुढे येतील त्यांनाच टोचत, त्यांनी १८९५ पर्यंत सुमारे ४२ हजार लोकांना लस दिली.

त्यांच्या कामातली एक गोष्ट आपण शिक्षकांनी विशेष लक्षात घेतली पाहिजे. १८९४ साली कलकत्त्याच्या एका बस्तीत काही घरांतील काहींना टोचले होते आणि काहींना नव्हते. सगळे एकाच तळ्याचे पाणी पीत होते. पुढे त्या बस्तीत पटकी आली तेव्हा कोण आजारी पडले आणि कोण वाचले, याची त्यांनी काटेकोर मोजदाद ठेवली. आजारी पडले ते न टोचलेल्यांपैकी होते. एकाच घरातील, एकाच पाण्यावरच्या माणसांची तुलना करावी, केवळ ऐकीव गोष्टींवर विसंबू नये, ही शिस्त त्यांनी शेवटपर्यंत पाळली. १८९५ साली हिवतापाने खंगून ते युरोपला परतले आणि बरे होताच १८९६ मध्ये पुन्हा आले.

मुंबईचा प्लेग

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. बघता बघता साथ पसरली. काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास मुंबई ओस पडली. सरकारने सक्तीचे उपाय योजले. घरात शिपाई शिरत, रुग्णाला ओढून इस्पितळात नेत, पडद्यातील बायकांचीही तपासणी करीत. लोक रोगाइतकेच उपायाला भ्याले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्यावर जून १८९७ मध्ये गोळ्या झाडण्यात आल्या. मार्च १८९८ मध्ये मुंबईत मदनपुऱ्यातील मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल उसळली. दोष अज्ञानाचा होता तसा जुलुमाचाही होता. याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी अंत झाला.

सरकारने हाफकिन यांना ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस बोलाविले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक बोळ, एक कारकून आणि तीन शिपाई एवढा सरंजाम मिळाला. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. तो भरपूर वाढवायचा, उष्णतेने मारायचा आणि मेलेल्या जंतूंची लस टोचायची, असा त्यांनी बेत केला. जंतू वाढविण्यासाठी मांसाचा रस लागतो. युरोपात त्यासाठी गोमांस सर्रास वापरीत. येथे गाईचे मांस हिंदूंना वर्ज्य आणि डुकराचे मुसलमानांना हराम, म्हणून त्यांनी बोकडाचे मांस घेतले. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, तेव्हा त्या थेंबांना धरून जंतूंचे झुपके गुहेतल्या लोलकांसारखे खाली लोंबू लागले. प्लेगच्या जंतूची ही एक खूणच ठरली. लस लोकांच्या अंगात जावयाची तर ती लोकांच्या मनातही उतरली पाहिजे, हे या परक्या माणसाने ओळखले होते.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नेहमीच्या मात्रेच्या सुमारे चौपट लस स्वतः टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी राजी झाले त्यांना टोचले, बाकीचे तसेच राहिले. अन्न, कोठडी, काम सगळ्यांचे एकच. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग होऊन ६ दगावले. टोचलेल्यांत दोघांनाच झाला आणि ते दोघेही वाचले. लस हमखास नव्हती, तिने तापही येई. पण प्लेग होण्याचा आणि त्यात मरण्याचा धोका तिने पुष्कळच उणा होई.

लोकांचा संशय मात्र आकडे सांगून फिटत नव्हता. अशा वेळी पुढे आले आगाखान तिसरे, सर सुलतान महंमद शाह. त्या वेळी ते जेमतेम विशीचे होते. आपल्या खोजा जमातीसमोर त्यांनी स्वतः टोचून घेतले, तेही पुन्हा पुन्हा, म्हणजे कोणाच्या मनात शंका राहू नये. हजारो खोजांनी त्यांचे अनुकरण केले. इतकेच नव्हे, तर आपला खुश्रू लॉज हा बंगला त्यांनी लसीच्या कामासाठी दिला. जमातीच्या पुढाऱ्याने भाषण करण्याऐवजी दंड पुढे केला की काय होते, याचा हा धडा आहे. ऑगस्ट १८९९ मध्ये परळच्या जुन्या सरकारी हवेलीत प्लेग संशोधन प्रयोगशाळा थाटली गेली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. तेथून १९२५ पर्यंत २ कोटी ६० लाख मात्रा लस बाहेर गेली.

साथ मुंबईपुरती राहिली नाही. उंदरांच्या पिसवांबरोबर ती धान्याच्या पोत्यांतून आणि आगगाडीतून आपल्या वऱ्हाडातही शिरली. आपला जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहावयाचे, ही प्लेगच्या दिवसांची आठवण घराघरांतून चालत आली आहे. आमच्या वर्गातील त्या मुलाच्या आजीची गोष्ट हीच.

मुल्कोवालची बाटली

आता या चरित्रातला सर्वांत दुःखद भाग येतो.

१९०२ साली पंजाबात लसीची फार मोठी मोहीम चालू होती. ३० ऑक्टोबर रोजी मुल्कोवाल या गावात १०७ जणांना टोचले गेले. त्यांपैकी १९ जणांना लस दिली गेली ती एकाच बाटलीतून. आठवडाभराने त्या १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि एकामागून एक ते सर्व मरण पावले. जगण्याच्या आशेने हात पुढे करणारी ही माणसे. त्यांच्या घरांत काय आकांत झाला असेल याची कल्पना करा.

चौकशी समिती नेमली गेली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश तिचे अध्यक्ष होते. बाटलीत धनुर्वाताचा जंतू मुंबईच्या प्रयोगशाळेतच शिरला असावा, असा तिचा कल झाला. लस झपाट्याने बनावी म्हणून हाफकिन यांनी तिच्या कृतीत फेरफार केला होता आणि कार्बॉलिक आम्ल घालणे सोडले होते, तेही त्यांच्या अंगाशी आले. त्यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. १९०४ साली ते बिनपगारी रजेवर इंग्लंडला गेले. ज्याने आधी स्वतःला टोचून मग दुसऱ्याला टोचले, त्याच्या माथी १९ माणसांच्या मृत्यूचा ठपका आला.

येथे रंगाची कसोटी पुन्हा आठवा. धनुर्वाताचा जंतू ग्रॅम-पॉझिटिव्ह आहे, म्हणजे प्लेगच्या जंतूहून अगदी वेगळ्या घराण्याचा. तो शेणामातीत राहतो आणि टणक बीजाणू करून वर्षानुवर्षे टिकतो. हवा नसेल तेथेच तो वाढतो आणि वाढला की दुर्गंधी सुटते. आता ती बाटली भरली होती मुल्कोवालच्या ४१ दिवस आधी. जंतू मुंबईतच शिरला असता तर एवढ्या दिवसांत तो बंद बाटलीत माजला असता आणि बूच काढताच घाण वास आला असता. पण बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला वास आला नव्हता. तिच्यात आधीच विष साठले असते तर लक्षणेही लवकर दिसली असती. ती दिसावयास आठवडा लागला. शिवाय बाटली उघडतेवेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो उकळून शुद्ध न करता वापरला गेला होता, हेही साक्षीत आले होते. जंतू शिरला असेल तर तो मुल्कोवालच्या मातीतून, हे जंतूच्या स्वभावावरूनच दिसत होते. जंतूची जात आणि तिची रीतभात माहीत असणे हा केवळ पुस्तकी छंद नाही. त्यावर एका माणसाची अब्रू अवलंबून होती.

लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासून हाच निष्कर्ष काढला. हिवतापाच्या संशोधनाबद्दल नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण हिरिरीने हाती घेतले. १९०७ च्या जुलैत १० नामवंत शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आले आणि त्याच वर्षअखेर सरकारने हाफकिन यांना पुन्हा हिंदुस्थानात नेमले. पण पाच वर्षे गेली ती गेली. परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यास त्यांना जागा दिली, पण माणसांवर लसीचे प्रयोग करण्याची मुभा ठेवली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपला परतले ते कायमचेच.

कुळाचा शोध

हाफकिन यांच्या हयातीत जंतूंची वर्गवारी दिसण्यावरून आणि वागण्यावरून होत असे: काठीसारखा की गोल, वाकडा की सरळ, कोणता रंग धरतो, काय खातो. प्लेगच्या जंतूची नावे कितीदा बदलली. पाश्चर यांच्या नावावरून त्याला पाश्चुरेला म्हणत. पुढे तो शोधणाऱ्या यर्सिन यांच्या नावाने यर्सिनिया हा गट सुचविण्यात आला आणि आज तेच नाव चालते. अशा वर्गवारीत पटकीचा जंतू एका कप्प्यात, प्लेगचा दुसऱ्यात, तुरीच्या गाठीतला तिसऱ्यात, आणि पॅरामेशियममधला होलोस्पोरा तर कोणाच्या खिजगणतीतही नाही.

१९७० नंतर कार्ल वूझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने वेगळी वाट धरली. प्रत्येक पेशीत प्रथिने बनविणारे कण असतात. त्यांच्या आरएनएची अक्षरे जंतूजंतूंत ताडून पाहिली की कोण कोणाच्या जवळचा हे कळते. जुन्या कागदपत्रांवरून भाऊबंदकी शोधावी, तसेच हे. या ताळ्यातून दिसले की ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंपैकी फार मोठा भाग एकाच पूर्वजापासून निघाला आहे. १९८८ साली या कुळाला प्रोटिओबॅक्टेरिया असे नाव मिळाले. प्रोटियस हा ग्रीक पुराणातला हवे ते रूप घेणारा देव. कुळातली रूपे इतकी नाना की दुसरे नाव शोभलेच नसते. २०२१ पासून याच कुळाचे शास्त्रीय नाव स्यूडोमोनाडोटा असे नोंदले गेले आहे, तरी जुने नाव अजून अनेकांच्या तोंडी आहे.

या कुळाच्या शाखांना ग्रीक अक्षरांची नावे आहेत. गॅमा शाखेत पटकी, प्लेग, विषमज्वर आणि रक्ती आंव यांचे जंतू येतात, आणि आपल्या आतड्यात निमूट राहणारा ई. कोलायही येतो. कपाशीच्या पानांवर कोनीय ठिपके पाडणारा करप्याचा जंतूही त्याच शाखेचा. बीटा शाखेत डांग्या खोकल्याचा जंतू आहे. अल्फा शाखेत तुरीच्या आणि सोयाबीनच्या गाठींतले जंतू आहेत, ज्यांचे पाकीट आपले शेतकरी बियाण्याला चोळतात. एवढेच कशाला, आपल्या प्रत्येक पेशीत शक्ती निर्माण करणारे जे मायटोकाँड्रिया आहेत, त्यांचा मूळ पुरुष या अल्फा शाखेचा किंवा तिच्या निकटचा जंतू होता, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे या कुळातला कोणी आपला मारेकरी, कोणी सालदार, तर कोणी घरातलाच.

आणि होलोस्पोरा? १९९१ साली त्याचीही अक्षरे ताडली गेली. तो निघाला अल्फा शाखेचा. ग्रंथालयाच्या नोकरीत असताना पाहिलेला पॅरामेशियममधला जंतू, कलकत्त्याच्या तळ्यातला पटकीचा जंतू आणि मुंबईच्या उंदरांतला प्लेगचा जंतू, हे तिन्ही एकाच कुळाचे होते. त्या कुळाबाहेरचा जो एक जंतू त्यांच्या आयुष्यात आला, तो धनुर्वाताचा, आणि त्यानेच त्यांचा घात केला.

मात्र येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सगळे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू या कुळाचे नाहीत. उपदंशाचा मळसूत्री जंतू आणि डबक्यातली निळी-हिरवी शेवाळे दिसावयास तशीच, पण कुळे निराळी. उलट पूर्वी डेल्टा आणि एप्सिलॉन म्हणून ज्या शाखा याच कुळात मोजत, त्या अधिक बारकाईने ताडल्यावर अलीकडे वेगळ्या काढल्या गेल्या. रंग ही पहिली खूण आहे, निकाल नव्हे. पुरावा बदलला की वर्गवारी बदलावी लागते आणि त्यात शास्त्राला कमीपणा वाटत नाही. मुल्कोवालच्या चौकशीत हे धोरण वेळेवर पाळले गेले असते, तर एका भल्या माणसाची उमेदीची वर्षे वाया गेली नसती.

अखेरची वर्षे

हाफकिन यांनी लग्न केले नाही. निवृत्तीनंतर ते आपल्या धर्माच्या आचारात आणि समाजाच्या कामात रमले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. ज्या ठिकाणाहून त्यांना मान खाली घालून जावे लागले होते, त्याच दारावर त्यांच्या हयातीत त्यांचे नाव लागले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले. आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील गरीब यहुदी पाठशाळांतील मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. धर्मशिक्षणाबरोबर मुलांना विज्ञान आणि हाताचा हुन्नरही यावा, ही त्यांची इच्छा होती. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

प्लेग संपला असे समजून आपण निर्धास्त झालो होतो, तो १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत पुन्हा डोकावला. पण आता आपल्याजवळ औषधे आहेत आणि जंतूची कुळकथाही आहे. ती मिळाली आहे ती अशा माणसांच्या कष्टांतून.

वाचकहो, दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या मुलाला उभे केले आणि त्याचा प्रश्न बरोबर होता हे सगळ्यांसमोर कबूल केले. झाडाला प्लेग झाला नव्हता हे खरे, पण दोन गाठींमागे एक कूळ आहे, हे त्याच्या प्रश्नामुळेच मला कळले. आपल्या मुलांच्या वेड्यावाकड्या प्रश्नांना हसू नका. आणि कोणावर ठपका ठेवण्याआधी, तो माणूस असो वा जंतू, पुरावा पुरा तपासा. दवाखान्यातल्या बाटलीवर हाफकिन हे नाव पुढे कधी दिसले, तर क्षणभर थांबून त्या माणसाची आठवण करा.